व्ही-क्रॉसची उंची किती वाढवावी आणि ती कशाने

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात आपली आंबा-काजूची बाग आहे आणि २०१९ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप गाडी आपण स्वतः चालवता. बागेकडे जाणाऱ्या पाणंदीत कातळाची एक पायरी आहे, पुढे पऱ्या (ओढा) ओलांडावा लागतो आणि दोन्ही ठिकाणी गाडीचे पोट घासते. हंगामात हौद्यात आंब्याच्या पेट्या भरून आपण अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाता. उरलेले वर्ष गाडी जवळजवळ रिकामीच फिरते. एका दुकानदाराने पुढे स्पेसर आणि मागे ब्लॉक (उंची वाढवायला मधे घालायचे ठोकळे) टाकून ३ इंच उंची देऊ केली आहे. दुसऱ्याने नवे स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर आणि पाटे (मागच्या ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसवून ४० मिलिमीटर उंची सांगितली आहे, पण त्याची किंमत कित्येक पट आहे. स्वस्तात जास्त उंची मिळत असताना महागात कमी उंची का घ्यावी, असे आपण विचारले आहे. आणि हे काम घरच्या शेडमध्ये ओळखीच्या मेकॅनिककडून करून घेता येईल का, असेही.

मी गेली २२ वर्षे पिकअप आणि जीपगाड्यांच्या सस्पेन्शनचेच काम करतो. माझे उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, मात्र दुकानदाराने सुचवलेला संच जसाच्या तसा घेऊ नका. त्यात आपल्या वापराप्रमाणे दोन बदल हवेत, आणि ते करण्याआधी एक दिवस मोजमापासाठी द्यायला हवा.

गाडीचे पोट घासते म्हणजे नक्की काय घासते, हे खाली झोपून बॅटरीच्या उजेडात पाहावे. कातळाला लागलेल्या लोखंडावर ताजा ओरखडा असतो आणि त्यात तांबडी माती बसलेली असते, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही. ओरखडा चेसिसच्या मधल्या आडव्या पट्टीवर किंवा ट्रान्स्फर केसखालच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीखालच्या) संरक्षक पत्र्यावर असेल, तर सस्पेन्शन उंच केल्याचा उपयोग होईल. तो मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या) गोळ्यावर असेल, तर कितीही महागडे किट बसवले तरी तो गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहील, कारण मागचा अखंड ॲक्सल चाकांबरोबरच असतो आणि स्प्रिंग त्याच्या वर काम करते. त्या गोळ्याची उंची फक्त मोठ्या टायरने वाढते. आणि ओरखडे बाजूच्या पायदानांवर असतील, तर पायदाने काढून एकदा त्या पायरीवरून जाऊन पाहावे. माझ्याकडे लिफ्टसाठी (उंची वाढवण्यासाठी) आलेल्या काही गाड्यांचे काम तेवढ्यावर भागले आहे.

व्ही-क्रॉस लांब गाडी आहे. तिच्या दोन ॲक्सलमधले अंतर ३०९५ मिलिमीटर आहे, म्हणून पायरीवर किंवा बांधावर पुढची चाके पार झाल्यावर मधला भाग टेकतो. पोटाखाली २२५ मिलिमीटर मोकळी जागा धरली, तर गाडी न टेकता ओलांडू शकेल असा मधला कोन हिशेबाने साधारण साडेसोळा अंश येतो; ४० मिलिमीटर वाढवले की तो साडेएकोणीसच्या आसपास जातो. हे तीन अंश आपल्याला पुरतील की नाही, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे गाडी पायरीवर अडकते तिथे उभी करून, टेकलेल्या जागी कातळ किती वर आला आहे ते मोजणे. शिवाय त्या पायरीच्या पायथ्याशी जांभ्याचे चिरे बसवून उतार करता येत असेल, तर ते आधी करावे. माझ्या धंद्याच्या विरुद्ध हा सल्ला वाटेल, पण रस्ता आपल्याच बागेचा असताना गाडीवर सगळा भार टाकण्याचे कारण नाही.

दुसरे मोजमाप उंचीचे. प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून चारही आकडे वहीत लिहून ठेवावेत. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज त्या आकड्यात मिसळते. मग तशाच एखाद्या कमी चाललेल्या गाडीचे आकडे घेऊन ताडून पाहावेत. ओझे वाहणाऱ्या गाडीचे मागचे पाटे काही वर्षांत बसतात. आपली गाडी मुळातच मागून २० मिलिमीटर खाली आलेली असेल, तर नव्या पाट्यांनी मिळणारी अर्धी उंची ही तिची स्वतःचीच परत आलेली उंची असेल.

तिसरे मोजमाप वजनाचे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे. जवळच्या वजनकाट्यावर गाडी न्यावी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे, मग फक्त मागच्या चाकांचे. एकदा रिकाम्या हौद्याने आणि एकदा हंगामातल्यासारख्या पेट्या भरून, असे दोन्ही वेळा करावे. त्या सहा आकड्यांवरून स्प्रिंग निवडायची असते. दुकानात आपण ‘तीन इंच पाहिजे’ असे म्हणालात तर आपल्याला तीन इंच मिळतील. ‘रिकामी असताना मागे इतके किलो, भरल्यावर इतके किलो, आणि वर्षातले दहा महिने रिकामी’ असे सांगितलेत तर योग्य कडकपणाची स्प्रिंग मिळेल आणि उंची त्या स्प्रिंगसोबत येईल. लिफ्ट किट म्हणून जे विकले जाते ते खरे तर वजन पेलण्याचे साधन असते.

आता स्पेसर आणि नवी स्प्रिंग यांतला फरक. व्ही-क्रॉसला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे: वर एक आर्म (चाक धरणारा दांडा), खाली एक आर्म, आणि मधे शॉकॲब्सॉर्बरवर चढवलेली गोल स्प्रिंग. या शॉकचे खालचे टोक लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसते, चाकापाशी नाही. त्यामुळे शॉकच्या वरच्या माउंटिंगवर २५ मिलिमीटर जाडीचा स्पेसर टाकला की चाकापाशी जवळजवळ दुप्पट फरक पडतो. दुकानदार ३ इंच कुठून आणतो, ते इथे लक्षात येईल. स्पेसरने स्प्रिंग बदलत नाही आणि शॉकही बदलत नाही. अख्खा शॉक खाली ढकलला जातो. गाडी उचलली आणि चाक हवेत लोंबकळले, की आर्म कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षाही खाली जातात. त्या स्थितीत अप्पर आर्मचा बॉल जॉइंट त्याच्या वाटीच्या कडेला जाऊन भिडतो, आणि इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या जॉइंट शाफ्टचा कोन इतका तिरका होतो की त्याचे रबरी बूट सतत चोळले जाते.

अशी एक गाडी माझ्याकडे लिफ्ट केल्यानंतर चार महिन्यांनी आली होती. मालकाची तक्रार ‘वळताना कट्कट् आवाज येतो’ एवढीच होती. पुढचे उजवे चाक काढले तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला आणि ब्रेकच्या कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे फराटे उडालेले होते. बुटाच्या दोन घड्यांच्या मधे, ब्लेडने चिरावी तशी सरळ चीर होती. ग्रीस बाहेर गेले होते आणि त्या वाटेने तांबडी माती आत शिरली होती. बोटांत घेऊन चोळली तर वाळूसारखी खरखरत होती. जॉइंटच्या आतल्या गोळ्यांनी त्यांच्या खाचांमध्ये नखाला लागतील असे खड्डे पाडले होते. स्पेसरवर वाचलेले पैसे त्या एका शाफ्टमध्ये गेले, आणि दुसऱ्या बाजूचे बूटही त्याच मार्गावर होते.

नव्या स्प्रिंग-शॉकच्या जोडीत असे होत नाही, कारण चांगल्या किटमधला शॉक पूर्ण उलगडल्यावर किती लांब असावा आणि पूर्ण दाबल्यावर किती आखूड व्हावा, हे दोन्ही आर्म आणि शाफ्टच्या मर्यादा पाहून ठरवलेले असते. अर्थात इथेही सीमा आहे. मूळ अप्पर आर्म आणि मूळ जागेवरचे पुढचे डिफरन्शियल ठेवून मी या गाडीला पुढे ४० मिलिमीटरच्या वर नेत नाही. ५० मिलिमीटरच्या पुढे जायचे तर बदललेल्या कोनाचे अप्पर आर्म आणि पुढचे डिफरन्शियल थोडे खाली आणणारे ब्रॅकेट, दोन्ही लागतात, आणि डिफरन्शियल खाली आणले की मिळवलेल्या उंचीचा काही भाग तिथेच परत जातो. आपल्या पाणंदीसाठी ते करावे, असे मला वाटत नाही.

मागच्या बाजूला ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये घालायचा ब्लॉक हा स्पेसरचाच भाऊ. त्याने पाट्यांची ताकद वाढत नाही, मात्र ॲक्सल पाट्यांपासून दूर जातो. पहिल्या गिअरमध्ये चढावर जोर लावला की ॲक्सल स्वतःभोवती पिळला जातो आणि ब्लॉकच्या उंचीएवढा तरफेचा हात मिळाल्याने पाट्यांना इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. पायरीवर चढताना मागचे चाक थडथडत उड्या मारते, ते यामुळे. काही ठिकाणी नुसता लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी) लावून उंची काढतात. त्यात वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते आणि डिफरन्शियलच्या नाकाचा (शाफ्ट जोडतो त्या टोकाचा) कोन बदलतो. जुन्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक उपाय आहे, कारण त्याने भार पेलण्याची क्षमता खरोखर वाढते. पण बसलेल्या पाट्यांमध्ये एक नवा कडक पाटा घातला की सगळा भार तोच घेतो.

म्हणून मागे पूर्ण नवा पाट्यांचा संच घ्यावा, आणि दुकानदाराने सुचवलेल्या संचात मला हवा असलेला पहिला बदल इथे आहे. ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स, टफ डॉग अशी या क्षेत्रातली बरीच नावे ऑस्ट्रेलियातली आहेत. तिथे अशा पिकअपच्या हौद्यावर कायमची बंदिस्त पेटी, पाण्याची टाकी आणि अवजारे असतात, त्यामुळे ‘कायम ३०० किलो’ अशा हिशेबाचे पाटे सहज मिळतात आणि दुकानदारही तेच सुचवतो, कारण ते दिसायला दणकट असतात. आपली गाडी वर्षातला बहुतेक काळ रिकामी असते. तिला असे पाटे लावले तर रिकाम्या गाडीचे मागचे चाक दगडावरून गेल्यावर दबणार नाही, उचलले जाईल. पऱ्यातल्या गोट्यांवर पकड सुटेल आणि मागे बसणाऱ्यांची कंबर धरेल. आपल्याला दोन टप्प्यांत काम करणारे पाटे हवेत: वरचे पाटे रिकाम्या गाडीसाठी मऊ, आणि पेट्या भरून हौदा खाली आल्यावर ज्याला वरचे पाटे टेकतात असा तळाचा जाड पाटा.

दुसरा बदल पुढच्या स्प्रिंगचा. ऑस्ट्रेलियातल्या यादीत पुढची स्प्रिंग तीन वजनांसाठी असते: मूळ बंपर, लोखंडी बुलबार (बंपरपुढचा संरक्षक कठडा), आणि बुलबारसह विंच (गाडी ओढून काढायचे यंत्र). तिथे बुलबार सर्वत्र दिसतो. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये बुलबार आणि क्रॅशगार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे, म्हणजे आपल्या गाडीच्या नाकावर ते वजन नाही आणि नसावे. तरीही बुलबारसाठीची स्प्रिंग इथल्या गाड्यांना लावलेली मी वारंवार पाहतो. मग नाक ठरल्यापेक्षा वर जाते, शॉक जवळजवळ पूर्ण उलगडलेल्या अवस्थेतच उभा राहतो, आणि प्रत्येक खड्ड्यात चाक खाली जाताना ‘खट्’ असा धातूचा आवाज येतो. मालकाला वाटते शॉक खराब निघाला. शॉक चांगला असतो, त्याला खाली जायला जागाच उरलेली नसते. यादीतली सगळ्यात हलकी स्प्रिंग मागा.

मागवताना आणखी एक खबरदारी. इसुझूने ऑक्टोबर २०१९ मध्ये थायलंडमध्ये नव्या पिढीची डी-मॅक्स आणली. आपली गाडी त्याआधीच्या पिढीची आहे, जी ऑस्ट्रेलियात २०१२ ते २०२० या काळात विकली गेली. दुकानदाराने नुसते ‘डी-मॅक्स’ असे लिहून माल मागवला आणि नव्या पिढीचा आला, तर तो आपल्या गाडीला बसणार नाही. पावतीवर वर्षांचा हा पट्टा लिहून घ्यावा.

शॉकॲब्सॉर्बरच्या प्रकारांवर लोक फार वाद घालतात. आपल्या वापराला, म्हणजे सावकाश चढायची पाणंद आणि डांबरी घाट यांना, नायट्रोजन भरलेला साधा दोन नळ्यांचा शॉक पुरेसा आहे. फोमचा जाड शॉक तासन्‌तास खडबडीत कच्च्या रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाडीसाठी असतो. तिथे तेल तापून त्याचा फेस होऊ नये म्हणून त्याची गरज पडते. वाचलेल्या पैशांत चांगले टायर घ्या. सध्याच्या २५५/६० आर १८ टायरचा व्यास हिशेबाने ७६३ मिलिमीटर येतो. २६५/६५ आर १८ चा ८०२. म्हणजे डिफरन्शियलचा गोळा खरोखर १९ मिलिमीटर वर जातो, जे कोणतेही सस्पेन्शन करू शकत नाही. त्या बदल्यात स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद ५ टक्के मागे राहते, पहिल्या गिअरचा जोर तेवढाच कमी होतो, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवून एक चाक दाबले असता टायर आतल्या प्लास्टिकला घासतो का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते.

कायद्याची बाजू मी प्रत्येक ग्राहकाला काम सुरू करण्याआधी सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील आणि निर्मात्याने दिलेली मूळ रचना यांत तफावत येईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मनाई असलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या स्प्रिंग-शॉकच्या जागी तशाच मापाचे नवे बसवणे वेगळे आणि गाडीची उंची बदलणे वेगळे. म्हणून आपल्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे, आणि ते होईपर्यंत कामाला हात लावू नये. तिथून नकार आला, तर मूळ उंचीचे नवे पाटे, नवे शॉक, पोटाखाली संरक्षक पत्रा आणि पायरीचा उतार, एवढ्यावर थांबावे. हेही ध्यानात घ्यावे की पाटे कितीही दणकट घेतले तरी प्रमाणपत्रावर लिहिलेली भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल आणि चेसिस तेच राहतात.

आता घरच्या शेडचा प्रश्न. मागचे काम चांगला मेकॅनिक, सपाट सिमेंटची जमीन, गाडी टेकवायला चार भक्कम घोड्या आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरापर्यंत नट आवळणारा) असेल तर शेडमध्ये होऊ शकते. पुढचे काम मी शेडमध्ये करू देणार नाही, आणि त्याचे कारण एकच आहे. जुन्या शॉकवरून स्प्रिंग उतरवताना ती दाबून धरावी लागते आणि त्या क्षणी तिच्यात माणसाचा जीव घेण्याइतकी ताकद साठलेली असते. दोन हुकांचे हातातले कंप्रेसर स्प्रिंगवरून घसरतात. भिंतीला किंवा जमिनीला पक्के बसवलेले यंत्र असलेल्या ठिकाणीच ते करावे, किंवा शॉक-स्प्रिंग-माउंटिंग जोडलेल्या स्थितीत तयार मागवावे, म्हणजे हा टप्पाच टळतो. तयार जोडी मिळाली तर शेडमध्येही हरकत नाही.

पुढचे काम करताना लोअर आर्मच्या बुडाशी असलेल्या कॅम बोल्टची (फिरवून चाकाचा कोन जुळवायच्या बोल्टची) जागा आधी पंचने खूण करून ठेवावी. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे बोल्ट बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीला गंजून चिकटलेले असतात. चार दिवस आधीपासून रोज गंज सोडवणारे तेल मारावे, नाहीतर बोल्ट कापण्याची वेळ येते. अँटी-रोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक आणि एबीएसच्या वायरचे क्लिप सोडल्याशिवाय चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) खाली सोडू नये. तो सुटला की तारेने बांधून ठेवावा, ब्रेकच्या होजवर त्याचा भार एक मिनिटही येता कामा नये. शॉकच्या दांड्याचा वरचा नट हवेच्या गनने घट्ट करू नये. दांडा आत गरगर फिरतो आणि पहिल्याच दिवशी सील दुखावते.

मागे एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे ॲक्सल जागेवरून सरकत नाही. पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या छिद्रात पूर्ण बसले आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे. डोळ्यांना बसल्यासारखे दिसते आणि कडेवर चढलेले असते. मग गाडी थोडी तिरकी चालते आणि दोष अलाइनमेंटवर जातो. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नेहमी नवे घ्यावेत, कारण ते घट्ट करताना ताणले जातात आणि एकदा ताणलेला यू-बोल्ट तशी पकड पुन्हा देत नाही. चारही नट समोरासमोर, थोडे-थोडे करत, गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत न्यावेत.

यापुढची गोष्ट मी सगळ्यात कळकळीने सांगतो, कारण सुरुवातीच्या वर्षांत ही चूक माझ्या हातून झाली आणि एका शेतकऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. आर्मचे आणि पाट्यांच्या डोळ्यांतले बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने बसते करावेत. पूर्ण घट्ट करू नयेत. त्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि ते फिरत नाही, फक्त पिळले जाते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर उतरताच सगळी बुश कायमची पिळलेल्या अवस्थेत राहतात. त्या शेतकऱ्याच्या गाडीची नवी बुश सहा महिन्यांत फाटली, आणि तोपर्यंत गाडी विनाकारण उंच आणि कडकही चालत होती. गाडी चारही चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा हलवून बसवून, मगच खाली जाऊन हे बोल्ट अंतिम टॉर्कला आवळायचे. प्रत्येक आवळलेल्या नटावर रंगाची एक रेघ ओढावी. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

गाडी उतरवल्यावर स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन ब्रेकच्या होज कुठे ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. मागे हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची हवा सोडणारी नळी यांनाही पुरेशी ढील हवी. आपल्या गाडीत मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व असेल, तर त्याचा ब्रॅकेट लिफ्टच्या प्रमाणात हलवावाच लागतो. हा व्हॉल्व चेसिस आणि ॲक्सलमधल्या अंतरावरून भार ओळखतो. अंतर वाढले की तो गाडी रिकामी समजतो आणि मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. पेट्यांनी भरलेली गाडी घेऊन अणुस्कुरा उतरताना ही चूक लक्षात येऊन चालणार नाही.

पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना मजल्याखाली थरथर जाणवली, तर क्लचला हात लावू नये. मागच्या ॲक्सलला जोर पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मधे सेंटर बेअरिंगवर टेकलेला असतो. मागची उंची वाढल्याने त्याच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन बदलतात. सेंटर बेअरिंगच्या बैठकीखाली काही मिलिमीटरच्या पट्ट्या टाकून ते खाली आणले की बहुधा थरथर जाते. मागे ४० मिलिमीटरपर्यंत राहिलात तर ही वेळ सहसा येत नाही.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे आणि छापील अहवाल मागावा. बऱ्याच ठिकाणी फक्त टो (चाकांची पुढची टोके किती आत-बाहेर आहेत ते) जुळवून गाडी परत देतात. पुढची उंची वाढली की कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. मग वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि महामार्गावर गाडी सतत हाताने धरून ठेवावी लागते. कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) दोन्ही कॅम बोल्टनेच जुळतात, म्हणून दोन्ही बाजूंचा कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत आणि एकमेकांच्या जवळ आला आहे, हे अहवालात दिसले पाहिजे. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी खाली आणावा. घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो गेला, तर धोका दोघांनाही असतो.

नव्या स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत थोड्या बसतात. ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि रंगाच्या रेघा तपासाव्यात, १००० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, आणि तेव्हा मडगार्डची चारही मापे परत घेऊन वहीतल्या आकड्यांशी ताडावीत. त्यानंतर अलाइनमेंट एकदा पुन्हा पाहावे.

कोकणात पावसाळ्याआधी गाडीच्या बुडाला डिझेल किंवा जळके ऑइल मारण्याची पद्धत आहे. गंज थांबावा हा हेतू चांगला आहे, पण ते तेल बुशच्या रबरात मुरून रबर फुगते आणि भुसभुशीत होते. पाट्यांच्या डोळ्यांवर, आर्मच्या बुशवर आणि जॉइंटच्या बुटांवर ते पडू देऊ नका. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने पाट्यांमधली तांबडी माती काढून टाकलीत, तर पाटे कुरकुरणेही थांबेल. काम एप्रिलच्या आधी, हौदा रिकामा असतानाच करून घ्या, म्हणजे १००० किलोमीटरची तपासणी पहिल्या पेट्या भरण्यापूर्वी पूर्ण होईल. आणि पहिल्या भरलेल्या फेरीला घाटाच्या पायथ्याशी थांबून मागच्या यू-बोल्टवरच्या रेघा एकदा बॅटरीने पाहून घ्या.